सीनरीची उतरंड: एक्स-प्लेनमध्ये कोणता पॅक कुठे बसवायचा आणि का

एक्स-प्लेन या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) विमानतळाचा नवा सीनरी पॅक, म्हणजे तिथलं दृश्य उभं करणाऱ्या फाइलींचा संच, टाकला आणि एक्स-प्लेन उघडलं. धावपट्टी जागेवर आहे, पण टर्मिनल नाही, हँगर नाही, दिव्यांचे खांबही नाहीत. अशा वेळी पॅकच खराब निघाला असं धरून तो पुन्हा उतरवला जातो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा दिवसाचा डेटा संपतो आणि चित्र तेच राहतं. पॅक बहुधा धडधाकट असतो, फक्त चुकीच्या जागी बसलेला असतो. 'धावपट्टी आहे, इमारती नाहीत' हे लक्षण तर इतकं बोलकं आहे की तेवढ्यावरून दोष कुठे आहे ते सांगता येतं. कसं ते पुढे येईलच.

जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची. रांजण तळाला, त्यावर घागर, त्यावर गाडगी, सगळ्यात वर चिमुकलं बोळकं. सीनरी पॅक तसेच एकावर एक रचले जातात. जमिनीचा आकार ज्यात आहे तो पॅक म्हणजे रांजण. तो वर चढवला की खालचं काहीही हाती लागत नाही.

पुढचं विवेचन एक्स-प्लेन १२ धरून आहे. ११ मध्ये वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. फाइली, फोल्डर आणि आज्ञा यांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती याच उच्चाराची, रोमन लिपीत आणि रोमन आकड्यांत दिसतील.

एक क्रम, तीन नियम

सगळा घोळ एका गैरसमजातून होतो: 'वरचा पॅक खालच्याला झाकतो.' हे अर्धंच खरं आहे. पॅकची यादी एकच असली तरी सिम्युलेटर ती तीन वेगळ्या कामांसाठी तीन वेगळ्या पद्धतींनी वाचतो.

पहिलं काम डीएसएफ फाइलींचं. जमीन, रस्ते, झाडं, इमारती हे सगळं डीएसएफमध्ये असतं आणि एक डीएसएफ म्हणजे एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश एवढा चौकोन, अर्थात टाइल. डीएसएफ दोन जातींची. बेस मेश म्हणजे प्रत्यक्ष जमीन: उंचसखलपणा, पाणी, जमिनीवरचं चित्र. ओव्हरले म्हणजे त्या जमिनीवर ठेवायच्या वस्तू. ओव्हरलेच्या फाइलीत 'सिम/ओव्हरले १' अशी खूण असते. एखादी टाइल लोड करताना एक्स-प्लेन यादीच्या वरून खाली येतं, भेटेल तो ओव्हरले उचलतं, आणि पहिला बेस मेश भेटला की थांबतं. त्याच्या खाली त्या टाइलचं जे काही असेल, मग तो ओव्हरले असो की दुसरा मेश, त्याकडे बघतही नाही. एका टाइलला जमीन एकच. दोन पॅकची जमीन मिसळत नाही.

दुसरं काम विमानतळांचं. धावपट्ट्या, टॅक्सीवे, पार्किंगच्या जागा, फ्रिक्वेन्सी हे एपीटी.डॅट नावाच्या फाइलीत असतं आणि ते टाइलप्रमाणे वाचलं जात नाही, तर विमानतळाच्या कोडप्रमाणे. चिकलठाण्याचा कोड व्हीएएयू. यादीत सगळ्यात वर ज्या पॅकमध्ये व्हीएएयू सापडेल त्याची मांडणी घेतली जाते, बाकीच्या पॅकमधलं व्हीएएयू सोडून दिलं जातं. मध्ये बेस मेश आडवा आला तरी या वाचनाला अडथळा होत नाही.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. धावपट्टी एपीटी.डॅटमधून आली. इमारती त्याच पॅकच्या डीएसएफमध्ये होत्या, पण तो पॅक एका बेस मेशच्या खाली गेला होता, म्हणून वाचलाच गेला नाही.

तिसरं काम लायब्ररींचं. झाडं, गाड्या, पत्र्याच्या शेड यांचे नमुने लायब्ररीत असतात आणि इतर पॅक त्यांना एका काल्पनिक पत्त्याने हाक मारतात. इथे टाइल नाही, कोडही नाही. नुसता पत्ता जुळवला जातो. म्हणून लायब्ररी यादीत वर असो की खाली, बहुतेकदा काही बिघडत नाही. अपवाद पुढे आहेत.

कोणतीही तक्रार समोर आली की आधी हेच ठरवायचं: हा प्रश्न टाइलचा, कोडचा की पत्त्याचा? उपाय त्यावर ठरतो.

यादी कुठे असते

एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमध्ये 'कस्टम सीनरी' नावाचं फोल्डर आहे. बाहेरून आणलेला प्रत्येक पॅक त्यात जातो. तिथेच 'सीनरी_पॅक्स.आयएनआय' ही साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडते. वरच्या ओळीला प्राधान्य जास्त. पहिल्या दोन-तीन ओळी फाइलीची ओळख सांगणाऱ्या असतात, त्यांना हात लावू नका. त्याखाली प्रत्येक पॅकची एक ओळ:

सीनरी_पॅक कस्टम सीनरी/व्हीएएयू_चिकलठाणा/

शेवटची तिरपी रेघ विसरायची नाही. पॅक तात्पुरता बंद करायचा असेल तर फोल्डर हलवत बसू नका. ओळीच्या सुरुवातीचं 'सीनरी_पॅक' काढून 'सीनरी_पॅक_डिसेबल्ड' लिहा.

ही फाइल सिम्युलेटर सुरू होताना एकदाच वाचली जाते. म्हणून बदल नेहमी एक्स-प्लेन बंद ठेवून करायचे. फाइल नसेल तर एक्स-प्लेन स्वतः नवी तयार करतं आणि त्या वेळी पॅक फोल्डरच्या नावाच्या वर्णानुक्रमाने लावतं. फाइल आधीपासून असेल आणि नवा पॅक सापडला, तर त्याची ओळ यादीत थेट सगळ्यात वर घातली जाते. विमानतळाच्या पॅकला ही जागा सोयीची आहे. नव्या ऑर्थो टाइलला (उपग्रहाच्या चित्रांपासून बनवलेल्या बेस मेशला) मात्र हीच जागा घातक: रांजण उतरंडीच्या टोकाला जाऊन बसतो. काल व्यवस्थित दिसणारा विमानतळ आज उजाड दिसला तर मध्ये कोणती टाइल टाकली ते आठवा.

आणखी दोन बारीक गोष्टी. विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन लपवलेली असतात. त्यामुळे जतन करताना नाव नकळत 'सीनरी_पॅक्स.आयएनआय.टीएक्सटी' होतं, एक्स-प्लेनला मूळ फाइल सापडत नाही, ते नवी बनवतं आणि आपली सगळी मेहनत वर्णानुक्रमात विरघळते. आणि ११ मधली यादी उचलून १२ मध्ये टाकू नका. ११ मध्ये ग्लोबल एअरपोर्ट्स (एक्स-प्लेनसोबतच येणारे जगभरचे विमानतळ) हे कस्टम सीनरीतलंच एक फोल्डर होतं. १२ मध्ये त्याची जागा बदलली आणि यादीत त्याच्यासाठी 'सीनरी_पॅक *ग्लोबल_एअरपोर्ट्स*' अशी चांदण्यांमधली खास ओळ आली.

पॅक टाकण्याआधी फोल्डर तपासा

झिप उलगडताना विंडोज बऱ्याचदा फोल्डरात फोल्डर बनवतं: व्हीएएयू_चिकलठाणा, त्यात पुन्हा व्हीएएयू_चिकलठाणा, आणि त्यात खरा माल. एक्स-प्लेनला पॅकच्या फोल्डरात पहिल्याच पायरीवर 'अर्थ नॅव्ह डेटा' दिसायला हवं, लायब्ररी असेल तर 'लायब्ररी.टीएक्सटी'. एक पायरी आत गेलेला पॅक यादीत दिसेल, पण सिम्युलेटरमध्ये नाही, आणि कोणतीही तक्रारही येणार नाही.

जागा अपुरी असेल तर ऑर्थो टाइली दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवून त्यांचे शॉर्टकट कस्टम सीनरीत टाकता येतात. यादीत मग त्या टाइलचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हच्या अक्षरासकट येतो. बाहेरचा एसएसडी दुसऱ्या पोर्टला लावल्यावर त्याचं अक्षर बदललं तर सगळ्या टाइली एकदम गायब होतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या ड्राइव्हला वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका.

मराठवाड्याचे चौकोन

टाइलचं नाव तिच्या नैऋत्य कोपऱ्यावरून पडतं. चिकलठाणा १९.८६ उत्तर, ७५.४० पूर्व, म्हणून टाइल +१९+०७५. जालना आणि पैठणही त्यातच. परभणी +१९+०७६ मध्ये, नांदेड आणि हिंगोली +१९+०७७ मध्ये. लातूर आणि धाराशिव दोन्ही +१८+०७६ मध्ये. उदगीर ७७ रेखांशाच्या पलीकडे, म्हणून +१८+०७७. बीड शहर १९ अक्षांशाच्या रेषेच्या अगदी खाली आहे, म्हणून +१८+०७५; गावाच्या उत्तरेला जरा सरकलात की टाइल बदलते. तुळजापूर उलट १८ च्या रेषेला वरून चिकटलेलं: +१८+०७६. उमरगा मात्र +१७+०७६.

या टाइली पुन्हा दहा-दहा अंशांच्या फोल्डरात असतात, आणि इथे मराठवाड्याची एक गंमत आहे. २० अक्षांशाची रेषा दौलताबाद आणि वेरूळ यांच्या मधून जाते. दौलताबादचा किल्ला '+१०+०७०' फोल्डरातल्या +१९+०७५ मध्ये, तर वेरूळची लेणी '+२०+०७०' फोल्डरातल्या +२०+०७५ मध्ये. अजिंठाही तिकडेच. चिकलठाण्याहून ही रेषा जेमतेम १५ किलोमीटर उत्तरेला आहे. धावपट्टी सोडून उत्तरेकडे वळलात की लगेच ती समोर येते. म्हणून फक्त +१९+०७५ ची ऑर्थो टाइल बनवून थांबलात तर वेरूळकडे जाताना जमिनीवर चाकूने कापल्यासारखी रेघ दिसते: अलीकडे उपग्रहाचं चित्र, पलीकडे सिम्युलेटरचं मूळ चित्र. चिकलठाण्यासाठी या दोन टाइली जोडीनेच बनवायच्या.

क्रम कसा लावायचा

छत्रपती संभाजीनगर ते नांदेड उडणाऱ्या माणसाची यादी साधारण अशी असावी:

सीनरी_पॅक कस्टम सीनरी/व्हीएएयू_चिकलठाणा/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/व्हीएएनडी_नांदेड/
सीनरी_पॅक *ग्लोबल_एअरपोर्ट्स*
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/वेरूळ_दौलताबाद_वास्तू/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/ओपनसीनरीएक्स/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/मिस्टरएक्स_लायब्ररी/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/वायऑर्थो४एक्सपी_ओव्हरलेज/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/झेडऑर्थो४एक्सपी_+१९+०७५/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/झेडऑर्थो४एक्सपी_+१९+०७६/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/झेडऑर्थो४एक्सपी_+१९+०७७/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/झेडऑर्थो४एक्सपी_+२०+०७५/

यातली विमानतळ आणि वास्तूंच्या पॅकची नावं नमुन्यादाखल आहेत. तुमच्याकडे जी असतील ती. ओपनसीनरीएक्स आणि मिस्टरएक्स या लायब्ररी आहेत. झेडऑर्थोच्या टाइलींचा आपापसातला क्रम कसाही चालतो, कारण प्रत्येकीचा चौकोन वेगळा. ऑर्थो टाइली बनवणाऱ्या ऑर्थो४एक्सपी या साधनाने नावाआधी 'वाय' आणि 'झेड' लावण्याची पद्धत उगीच नाही: यादी नव्याने बनली तरी वर्णानुक्रमात ते तळाला राहावेत. तुमच्याकडे उंचसखलपणाचा बारकावा देणारा एचडी मेश असेल तर तो ऑर्थोच्याही खाली. ज्या टाइलचा ऑर्थो नाही तिथेच तो उपयोगी पडेल, आणि ते बरोबरच आहे.

सिमहेवनच्या एक्स-वर्ल्डसारखे मोठे ओव्हरले संच एकापेक्षा जास्त फोल्डरांत येतात आणि त्यांच्या नावात क्रमांक असतात. ते ग्लोबल एअरपोर्ट्सच्या खाली आणि ऑर्थोच्या वर ठेवायचे. क्रमांकांचा चढता क्रम वरून खाली जसाच्या तसा. आपल्या मनाने फेरफार नको.

विमानतळ सगळ्यांच्या वर का? कोडचा नियम हे एक कारण. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे: एक्स्क्लूजन झोन. पॅकचा निर्माता डीएसएफमध्ये एक आयत आखून सांगतो की या आयतात खालच्या पॅकची झाडं नकोत, इमारती नकोत, रस्ते नकोत. प्रत्येक प्रकार वेगळा सांगावा लागतो. आणि हा हुकूम फक्त खालच्यांवर चालतो. झाडांचा पॅक विमानतळाच्या वर बसला तर विमानतळाने कितीही आयत आखले तरी धावपट्टीत बाभळी उगवणारच. 'धावपट्टीवर झाड' या तक्रारीचं हे पहिलं कारण.

स्वतः पॅक बनवणाऱ्यांसाठी जाता जाता: हे झोन आयताकृतीच असतात आणि अक्षांश-रेखांशाला समांतर. चिकलठाण्याची धावपट्टी ०९/२७, म्हणजे पूर्व-पश्चिम, त्यामुळे एक लांबट आयत पुरतो. तिरकी धावपट्टी असेल तर एका मोठ्या आयताऐवजी पाच-सहा छोटे आखा, नाहीतर शेजारच्या गावातली घरंही पुसली जातील. वर्ल्ड एडिटर हे मोफत साधन यासाठी पुरेसं आहे.

ऑर्थो टाइल बनवणं

ऑर्थो४एक्सपी उपग्रहाची चित्रं, ओपनस्ट्रीटमॅपच्या रेषा आणि उंचीची माहिती एकत्र करून बेस मेश तयार करतं. आधी आकड्यांचा हिशेब मांडा, मग बटण दाबा. मराठवाड्याच्या अक्षांशावर झूम पातळी १६ ला एक पिक्सेल म्हणजे सुमारे २.२५ मीटर, १७ ला १.१ मीटर, १८ ला अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. एक टाइल उत्तर-दक्षिण १११ किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे १०५. प्रत्येक चित्र ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं, दाबून साधारण ११ एमबीचं. १७ ला असं एक चित्र साडेचार किलोमीटरचा चौकोन व्यापतं, म्हणून पूर्ण टाइलला साडेपाचशे ते सहाशे चित्रं लागतात: सहा-साडेसहा जीबी. पातळी एकने वाढली की आकार चौपट होतो. १६ ला दीड जीबीच्या आसपास, १८ ला पंचवीस जीबी. चार टाइली १८ ला बनवायच्या म्हणजे शंभर जीबी, आणि ते लोड करायला ग्राफिक्स कार्डाला मेमरीही तशीच हवी.

शहाणपणाचा मार्ग असा: सगळी टाइल १६ ला आणि विमानतळाभोवतीच १८. यासाठी सेटिंगमध्ये 'कव्हर_एअरपोर्ट्स_विथ_हायरेस' चालू करून 'कव्हर_झेडएल' ला १८ द्यायचं. हवेतून शेतं १६ ला छान दिसतात. जमिनीला लागताना डोळा धावपट्टीच्या आसपासच असतो.

कामाचा क्रम चार टप्प्यांचा: रेषांची माहिती गोळा करणं, त्रिकोणी जाळी विणणं, पाणी कुठे दाखवायचं ते ठरवणारे मुखवटे (मास्क), शेवटी चित्रं आणि डीएसएफ. 'ऑल इन वन' बटण चारही करतं, पण पहिल्या खेपेला एकेक टप्पा दाबा म्हणजे कुठे अडलं ते कळतं. पहिलाच टप्पा अडकला तर बहुतेकदा ओपनस्ट्रीटमॅपचा सर्व्हर गर्दीत असतो, तासाभराने पुन्हा. शेवटच्या टप्प्यात वीज गेली तरी घाबरायचं कारण नाही. उतरलेली चित्रं 'ऑर्थोफोटोज' फोल्डरात जपलेली असतात आणि पुढच्या वेळी काम तिथून पुढे सुरू होतं. एखादा चौकोन पांढराफटक आला असेल तर त्याचं जेपीईजी आणि त्यापासून बनलेलं डीडीएस ही दोन्ही पुसून शेवटचा टप्पा परत चालवा. एकच पुसलंत तर पांढरं पुन्हा येईल.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी. एक्स-प्लेनसोबत येणाऱ्या मूळ ग्लोबल सीनरीत जमीन, रस्ते, झाडं आणि घरं एकाच डीएसएफमध्ये असतात. ऑर्थोने जमिनीची जागा घेतली की ती पूर्ण डीएसएफ बाजूला पडते आणि तिच्यातले रस्ते-घरंही जातात. दिसायला सगळं चित्र सुंदर, पण चपटं: क्रांती चौकात एक इमारत उभी नाही. म्हणून 'कस्टम_ओव्हरले_एसआरसी' मध्ये ग्लोबल सीनरीचा पत्ता देऊन 'एक्स्ट्रॅक्ट ओव्हरलेज' करायचं. जुन्या डीएसएफमधून वस्तू तेवढ्या काढून वायऑर्थो४एक्सपी_ओव्हरलेजमध्ये ठेवल्या जातात. हे फोल्डर झेडऑर्थोच्या वरच हवं. खाली गेलं तर असून नसल्यासारखं. प्रत्येक नव्या टाइलसाठी ही पायरी वेगळी करावी लागते.

चित्रांचा स्रोत सगळ्या शेजारच्या टाइलींना एकच ठेवा. मराठवाड्याची जमीन ऋतूप्रमाणे इतकी पालटते की एक स्रोत मे महिन्याचा आणि दुसरा पावसाळ्यानंतरचा असेल तर टाइलच्या शिवेवर एका बाजूला करडं रान आणि दुसऱ्या बाजूला हिरवंगार कापूस-तूर दिसतं. एकाच स्रोतातही अशा शिवणी असतात, पण त्या निदान कुठेतरी शेताबांधावर लपतात. नाथसागराचंही असंच. जलाशय उथळ आणि पसरट; नकाशातली काठाची रेषा भरलेल्या धरणाची, आणि फोटो उन्हाळ्यातला असेल तर पाण्याखाली गाळपेराची शेतं दिसतात. हा तुमच्या क्रमाचा दोष नाही, उगीच यादी उलटीपालटी करू नका.

११ साठी बनवलेल्या जुन्या टाइली १२ मध्ये उघडतात, पण त्यांत ऋतूंची माहिती नसते आणि पाणीही नीट वठत नाही. जागा आणि डेटा परवडत असेल तर ऑर्थो४एक्सपीच्या १.४० आवृत्तीने नव्याने बनवणं बरं.

लायब्ररीचे अपवाद

लायब्ररीच्या टीएक्सटी फाइलीत 'एक्स्पोर्ट' म्हटलं तर त्या पत्त्यासाठी वरच्या पॅकचा नमुना जिंकतो. 'एक्स्पोर्ट_एक्स्टेंड' म्हटलं तर नमुना आधीच्या नमुन्यांत मिसळतो. 'एक्स्पोर्ट_बॅकअप' म्हणजे दुसरं काहीच सापडलं नाही तर हा वापरा. बऱ्याच विमानतळांसोबत असे रिकामे पर्यायी नमुने येतात, म्हणूनच लायब्ररी नसतानाही तक्रार येत नाही आणि फक्त वस्तू गायब दिसतात. म्हणजे क्रम महत्त्वाचा ठरतो तो मूळ झाडं किंवा घरं बदलणाऱ्या लायब्ररीसाठीच. अशा दोन लायब्ररी असतील तर आवडती वर.

'रीजन_रेक्ट' या ओळीने बदल ठरावीक प्रदेशापुरता ठेवता येतो: पश्चिम कडा, दक्षिण कडा, रुंदी, उंची. '७४ १७ ५ ४' लिहिलं की ७४ ते ७९ रेखांश आणि १७ ते २१ अक्षांश एवढाच तुकडा. कौलारू उतरत्या छपरांच्या जागी माळवदाची आणि पत्र्याची घरं आणायची असतील तर हीच वाट आहे. युरोपातली गावं जशीच्या तशी राहतील.

क्रम बरोबर, तरी चित्र चुकीचं

एकावर एक दोन टर्मिनल दिसत असतील तर खालच्या पॅकच्या इमारती पुसल्या गेलेल्या नाहीत. वरच्या पॅकमध्ये एक्स्क्लूजन झोन नाही, किंवा त्यात विमानतळाचा कोड वेगळा टाकला आहे आणि सिम्युलेटर दोन विमानतळ समजतो. कोड वर्ल्ड एडिटरमध्ये उघडून पाहता येतो.

इमारती हवेत लटकत असतील, किंवा धावपट्टीला वरंबा-सरी पडली असेल, तर निर्मात्याने पॅक एका मेशवर बनवला आणि तुम्ही दुसरा वापरताय. यादी हलवून हे सुटत नाही. धावपट्टीसाठी एपीटी.डॅटमध्ये त्या विमानतळाच्या १३०२ ने सुरू होणाऱ्या ओळींत '१३०२ फ्लॅटन १' ही ओळ वाढवली की जमीन सपाट होते. काही पॅक स्वतःचा मेश घेऊन येतात आणि तो ऑर्थोच्या वर ठेवा असं सांगतात. तसं करताना भान असू द्या: मेश एका विमानतळापुरता वाटला तरी जिंकतो तो पूर्ण टाइलसाठी. नांदेडच्या अशा मेशमुळे हिंगोलीपर्यंतचा ऑर्थो जाईल.

अप्रनवरच्या (विमानं उभी करायच्या फरसबंद जागेवरच्या) पिवळ्या रेषा जमिनीच्या फोटोखाली दबल्या असतील तर तो प्रश्न पॅकच्या क्रमाचा नसून 'लेअर_ग्रुप'चा असतो. सपाट चित्रांना जमीन, टॅक्सीवे, धावपट्टी, खुणा असे गट आणि त्यात उणे पाच ते अधिक पाच अशी सरक असते. दोन चित्रांचा गट वेगळा असेल तर यादीत कितीही वरखाली केलंत तरी फरक पडणार नाही. त्या सपाट चित्राच्या पीओएल फाइलीतली 'लेअर_ग्रुप'ची ओळ बदलावी लागते.

'सीनरी पॅक लोड करताना अडचण आली' अशी पाटी आली तर ती फक्त बंद करू नका. मुख्य फोल्डरमधली लॉग.टीएक्सटी उघडा. सुरुवातीच्या भागात सगळे पॅक ज्या क्रमाने प्रत्यक्ष वाचले गेले त्या क्रमाने दिलेले असतात. तुमची यादी आणि ही यादी जुळते का ते आधी पाहा. मग 'फेल्ड टू फाइंड रिसोर्स' शोधा. त्या ओळीत हरवलेल्या नमुन्याचा पत्ता आणि मागणाऱ्या पॅकचं नाव दोन्ही असतं. पत्त्याच्या पहिल्या शब्दावरून कोणती लायब्ररी हवी ते जवळजवळ नेहमी कळतं. लिनक्सवर लायब्ररी असूनही ही ओळ आली तर फाइलीच्या नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. विंडोज तिथे काणाडोळा करतं, लिनक्स नाही.

लॉगही गप्प असेल तर निम्म्याने वाटून शोधा. यादीची प्रत जपून ठेवा, वरच्या अर्ध्या ओळी 'डिसेबल्ड' करा, चालवून पाहा. दोष राहिला तर तो खालच्या अर्ध्यात. पुन्हा निम्मे. चौसष्ट पॅक असले तरी सहा फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. मात्र लायब्ररी या वाटणीतून वगळा, त्या सुरूच राहू द्या. नाहीतर प्रत्येक फेरीत नव्याच वस्तू गायब होतील आणि मूळ दोष हरवेल.

क्रम आपोआप लावून देणारी साधनं मिळतात, त्यांत एक्स-ऑर्गनायझर नावाजलेलं आहे. शंभर टाइली असतील तर वेळ वाचतो. पण साधनाने पॅकची जात चुकीची ओळखली तर वर सांगितलेले सगळे घोटाळे तेही करू शकतं, म्हणून जुन्या यादीची प्रत इथेही हवीच.

दुसऱ्या सिम्युलेटरवरून येणाऱ्यांसाठी

एफएसएक्समध्ये (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये) ही यादी सीनरी.सीएफजी या फाइलीत असते आणि प्रत्येक पॅकला 'लेअर' असा आकडा असतो. तिथे मोठा आकडा म्हणजे जास्त प्राधान्य. पण सीनरी लायब्ररीच्या खिडकीत तोच पॅक सगळ्यात वर, एक नंबरला दिसतो. फाइल हाताने बदलणारे इथे हमखास उलटं करतात.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये पॅक कम्युनिटी फोल्डरात टाकायचा. एक्स-प्लेनच्या अगदी उलट, तिथे नंतर वाचलेला पॅक आधीच्यावर मात करतो, आणि वाचन फोल्डरच्या नावाच्या वर्णानुक्रमाने होतं. म्हणून तिथे नावाआधी 'झेड' लावलेला पॅक वर येतो, खाली जात नाही. शिवाय पॅकमधल्या लेआउट.जेसनमध्ये ज्या फाइलीची नोंद नाही ती सिम्युलेटर वाचतच नाही. एखादं चित्र नुसतं फोल्डरात टाकून बदल दिसेल अशी वाट पाहू नका, लेआउट नव्याने तयार करा.